ताडपत्रीखालचं गवत

आमच्या अंगणाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, आजबी. घोडेगावावरनं डिंभ्याकडं जाताना डाव्या अंगाला आमचं घर. बांधलं तवा रस्ता खाली व्हता आन घर वर. मग दर चार-पाच वर्सांनी कंत्राटदार यायचा, खडी टाकायचा, डांबर वतायचा, रोलर फिरवायचा आन निघून जायचा. असं करत करत रस्ता गेला वर आन आमी ऱ्हायलो खाली. मग समद्या रस्त्याचं पाणी कुठं येणार? आमच्या अंगणात. दारापासनं रस्त्यापातूर चाळीस फूट, आन पावसाळ्यात ते चाळीस फूट म्हंजे निस्ता काला.

मी काय गप बसणारा माणूस नव्हं. सावळेराम म्हणलं की घोडेगावात कुणीबी दुकान दाखवील. पाण्याच्या मोटारी जळाल्या की लोकं माझ्याकडं आणत्यात, मी तांब्याची तार नव्यानं भरून देतो. मेलेली मोटार मी चालू करतो, तर अंगणाचं काय एवढं! पयल्या वर्सी मुरूम टाकला, दोन ट्रॉल्या. गणपतीपातूर मुरूम कुठं गेला त्याचा पत्ता नाय, जमिनीनं गिळला. मग शहाबादी फरशी टाकली. तिच्यावर शेवाळ धरलं, आन आमची मंडळी, लंका, हंड्यासकट अशी आपटली की पंधरा दिवस तिला उठबस करवंना. मग सिमेंटचा कोबा केला. जमीन काळी, खाली पाणी. दोन पावसाळ्यात कोबा पापडावाणी तडकला. आता बोला!

घरात धडधाकट माणसं असती तर म्हणलो असतो, चिखल हाये, गमबूट घाला. पण आमची स्नेहल. दीड वर्साची असताना पोलिओनं तिचा डावा पाय गेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, बूट त्यालाच जोडलेला, आन दोन हातात दोन कुबड्या. डांबरावर पोरगी अशी झपाझप चालती की माणसानं बघत ऱ्हावं. पण चिखलात कुबडी रुतती. एक उपसायला जावं तर दुसरी आत. म्हणून पावसाळ्यात तिला पाठीवर घ्यायचं आन रस्त्यावर नेऊन पाशिंजरं भरणाऱ्या वडापच्या जीपमधी बसवायचं, ही माझी रोजची डूटी. शाळेपासनंची. मला त्याचं काय वाटत नव्हतं, आन तिला काय वाटतं ते मी कधी इचारलं नव्हतं.

दोन हजार सहाच्या जुलैमधी तिला मंचरला एका पतसंस्थेत मुलाखतीला बोलावलं. बारावी झालेली, टायपिंग झालेलं, कॉम्पुटरचा कोर्स झालेला. नवा पंजाबी ड्रेस घातला, फायलीला प्लास्टिक गुंडाळलं. मी पाठीवर घेतलं. निम्म्या अंगणात माझा पाय सरकला आन दोघंबी चिखलात. समोर जीप भरून माणसं बसलेली. चार-पाच जण धावत आली, पण एक जण हसला. कोण हसला ते मला अजून कळलं नाय, कळलं असतं तर त्याचं काय खरं नव्हतं. स्नेहलनं कुणाचा हात घेतला नाय. बसल्या बसल्या मागं सरकत ती दारापातूर गेली.

सांजच्याला जेवताना म्हणली, "आप्पा, आता पाठीवर बसायची नाय मी. चिखल असंल तर घरात बसंन. पण पाठीवर नाय."

मी म्हणलं, "बरं बरं." पोरगी चिडलीया, दोन दिवसांनी इसरंल. पण ती कुणाची पोर! दिवाळीपातूर घरातनं बाहेर पडली नाय. वीस वर्साची पोर, चार महिने खिडकीत. ते खिडकीतलं तोंड बघून मला घरात जेवण जाईना, आन माझा राग निघायचा लंकेवर. ती म्हणायची, "माझ्यावर कशाला वरडताय? अंगणावर वरडा."

मग एप्रिलात एक चांगली गोष्ट झाली. तहसील कचेरीच्या रस्त्याला तेजस्विनी मॅडमचं झेरॉक्सचं दुकान हाये. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देत्यात. बाई कडक. त्यांनी स्नेहलचं काम बघितलं आन म्हणल्या, "दोन जुलैला, सोमवारी ये. सकाळी नऊ. पण एक सांगते, मला रोज येणारी मुलगी पाहिजे. गेल्या पावसाळ्यात तू चार महिने घरात होतीस असं ऐकलंय. तसं होणार असेल तर आत्ताच सांग, मी दुसरी बघते."

स्नेहल म्हणली, "येईन. रोज येईन. माझी मी येईन."

घरी आली आन माझ्याकडं बघितलं. ते बघणंच असं व्हतं की मी त्या दिवसापासनं अंगणाच्या मागं हात धुऊन लागलो.

तवाच माझा भाचा सूरज आला. पुण्यात एका कंत्राटदाराकडं कामाला. हॉटेलांच्या गच्चीवर, शाळांच्या मैदानावर प्लास्टिकचं गवत बसवायचं त्याचं काम. तो म्हणला, "मामा, अंगणात गवत बसवू. एका कामाचे तुकडे उरल्यात, मालक देतोय."

मी म्हणलं, "सूरज, तुझं डोकं ठिकाणावर हाये का? चिखलावर हिरवी सतरंजी हातरून चिखल जातो व्हय?"

"गवतानं नाय जात मामा. गवताच्या खाली जे करायचं त्यानं जातं. गवताला खालनं भोकं असत्यात. पाणी भोकातनं खडीत, खडीतनं पाइपात, पाइपातनं बाहेर. आन वर कुबडी रुतत नाय, सरकत नाय. हॉटेलात म्हातारी माणसं काठ्या टेकत जात्यात त्याच्यावरनं."

ते काठ्यांचं ऐकलं आन मी कुदळ काढली.

मे महिनाभर आमी खपलो. समदं अंगण दीड फूट उकरलं. जुना मुरूम, फरशीचे तुकडे, कोब्याच्या खपल्या, माझी समदी अक्कल त्या खड्ड्यातनं बाहेर निघाली. तळाला दगड, त्यात मधोमध भोकाचा पाइप जाळीचं कापड गुंडाळून, वर खडी, त्याच्या वर बारीक कच. सूरजनं पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली, म्हणला चाळीस फुटात अर्धा फूट उतार पायजे. मी म्हणलं, दिसत बी नाय उतार. तो म्हणला, "तुमाला दिसायला नाय मामा, पाण्याला दिसायला."

पाइप बाहेर काढायचा कुठं? खालच्या अंगाला कुशाबाचा बांध, त्याच्या पल्याड ओढा. कुशाबा म्हंजे बांधावरची काडी हलली तरी कोर्टाची भाषा करणारा गडी. त्याला इचारलं तर म्हणला, "तुझं पाणी माझ्या बांधातनं? खुळा का काय?"

मी म्हणलं, "पोरीसाठी चाललंय कुशाबा. तिला कामावर जायचंय."

त्यानं पायानं बांधाची माती उकरली. मग म्हणला, "पोरीसाठी म्हणतोस तर खोद. पण माती नीट लाव परत."

खाणवाल्याला बी हेच सांगितलं, ट्रॅक्टरवाल्याला बी हेच. पोरीसाठी. कुणी नाय म्हणलं नाय. दगड आला, खडी आली, दोन गडी तर निस्त्या जेवणावर राबलं. मग गवताच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी हातरल्या, सांध्याला खालनं पट्टी चिकटवली, कडंला खिळं मारलं. चाळीस फूट लांब, तेरा फूट रुंद, हिरवंगार. सूरजनं हंडाभर पाणी मधोमध वतलं. पाणी दिसलं, आन नाय. दहा हंडे वतलं. मी पळत जाऊन बांधापल्याडचं पाइपाचं तोंड बघितलं तर धार लागलेली! माझ्या डोळ्यात पाणी आलं राव. पंधरा वर्सं जे पाणी माझ्या डोक्यावर बसलं व्हतं ते मुकाट्यानं ओढ्याला चाललं व्हतं.

स्नेहल दारात उभी. म्हणली, "जाऊ?"

"जा की!"

ती गेली. वल्या गवतावरनं, टक टक आवाजबी नाय, रस्त्यापातूर गेली, वळली, परत आली. परत गेली. लंका पदरानं तोंड झाकून रडत व्हती. तवा मला वाटलं, आपुन आयुष्यात एवढं एक काम झक्कास केलं.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण दुसऱ्या दिवसापासनं लोकं यायला लागली. पार डिंभ्यापासनं. जीपवाला जीप थांबवायचा, पाशिंजर उतरून बघायचं. भीमाशंकरला निघालेली एक गाडी थांबली, त्यांनी फोटो काढलं. बाया वाकून हात फिरवायच्या, "अगं बया, खरं न्हवं व्हय हे?" कुणाचं तरी करडू येऊन दोन काड्या चघळून गेलं. लोकांनी आपणहून चपला काढल्या. मलाबी ते बरं वाटलं. मग एखादा चपला घालून आला की मी म्हणायला लागलो, "पावणं, चपला तिकडं." मग नवा झाडू आणला, निस्ता गवताला. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी अंगण झाडायचो. मी! ज्यानं जन्मात घरातला कप उचलला नाय.

लंका म्हणायची, "अवं, अंगण हाये ते, देव्हारा नव्हं."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला. पाणी थांबलं नाय, ते काम चोख. पण रस्त्याची लाल माती वाहून आली आन गवतावर बसली. हिरव्याचं तपकिरी झालं. मला असं झालं जसं कुणी माझ्या तोंडाला काळं फासलं. पाइप मारून धुतलं, दुसऱ्या दिवशी परत माती. मग मी काय केलं? कांद्यावरची मोठी ताडपत्री आणली, समद्या गवतावर हातरली आन कडंनं इटा ठेवल्या.

सूरजला फोनवर सांगितलं तर तो वरडलाच. "मामा! अवो ते पावसासाठीच हाये! पावसात झाकून ठेवायचं असतं व्हय? माती आली तर आठवड्यानं धुवा. ताडपत्री काढा आधी!"

"तू मला नको शिकवू. नवी चीज हाये, जपाया नको?"

आमच्याकडची रीतच ती. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, गादीला प्लास्टिक, फ्रीज आणला त्याचा खोका तीन वर्सं माळ्यावर. गवतानं काय घोडं मारलं व्हतं? आता ताडपत्रीखाली गवत कोरडं ठणठणीत, आन वरनं पडलेलं समदं पाणी घसरत येतं आमच्या उंबऱ्यात. म्हंजे ज्या पाण्यापायी महिनाभर खपलो ते पाणी मी हातानं घरात आणलं. पण तवा कबूल करायची माझी तयारी नव्हती. उंबऱ्याला मातीचा बांध घातला आन घरच्यांना सांगितलं, मागच्या दारानं जायचं. गोठ्यातनं, कुशाबाच्या बांधावरनं, वळसा घालून रस्त्यावर.

स्नेहल म्हणली, "आन मी?"

"तुला आत्ता कुठं जायचंय? दोन तारखेला काढू की ताडपत्री."

"मला सवय करायचीय आप्पा. पावसात चालायची."

"सवय काय करायची त्याला? आन हे बघ, कुबडीचं टोक एकाच जागी रोज टेकलं तर गवताला भोकं पडत्याल. गरजंपुरतं चालायचं."

हे मी बोललो. माझ्या तोंडानं. माझ्या पोरीला. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली आन मग पुस्तक उघडून बसली. मला वाटलं, पटलं तिला.

मग आला तो एक जुलैचा रविवार. सांजच्याला दुकानावरच्या पोऱ्यानं निरोप आणला की मंचरचा एक मंगल कार्यालयवाला उद्या दुपारी गवत बघायला येणार हाये, त्याला लॉनवर बसवायचंय. बरोबर चार माणसं. मला तर गगन ठेंगणं झालं. रातच्या जेवणाला बसलो, बाहेर पाऊस लागलेला. मी स्नेहलला म्हणलं, "बाय, उद्या एक कर. उद्याचा एक दिवस मी तुला पाठीवर घेतो, मागच्या अंगानं. पावसात ताडपत्री काढली तर माती बसंल, आन दुपारी माणसं येणार हायेत. मंगळवारपासनं तू गवतावरनं जा. एकच दिवसाचा प्रश्न हाये."

लंकेचा हात भाकरीवर थांबला. स्नेहल म्हणली, "बरं."

निस्तं बरं. ना राग, ना काय. मी समाधानानं झोपलो.

सकाळी साडेसातला मी हाक मारली. "स्नेहल, झालं का आवरून? चल, बस." उत्तर नाय. आत बघितलं तर कुबड्या जाग्यावर नाय, पिशवी नाय. लंका चुलीम्होरं बसलेली, साडी गुडघ्यापातूर चिखलानं भरलेली. माझ्याकडं बघितलं बी नाय तिनं.

"पोरगी कुठाय?"

"गेली."

"गेली म्हंजे? कशी गेली?"

"सवासहाला निघाली. मागनं. मी बांधापातूर मागं मागं गेले. हात लावू दिला नाय."

"आन तू मला उठवलं नाय?"

तवा ती वळली. बावीस वर्सांच्या संसारात ती माझ्याशी तसं कधी बोलली नव्हती. "कशाला उठवायचं? पाठीवर घ्यायला? ती मरंल पण बसायची नाय म्हणून वर्साखाली सांगितलं तिनं, मी ऐकलं, भितींनी ऐकलं. तुमी नाय ऐकलं. गवत ठेवा जपून. पोरीचं काय, ती चिखलातनं जाती."

मी मागच्या दारानं पळालो. गोठ्याच्या कडंनं कुबड्यांची भोकं. वीतभर खोल. दोन भोकं, मग बूट फरफटल्याची रेघ, परत दोन भोकं. मी मोटारीचं काम करणारा माणूस, खुणांवरनं काय झालं ते मला वाचता येतं. गोठ्याच्या कोपऱ्याला एक भोक लई खोल, तिथं कुबडी अडकली व्हती. पुढं बांधाच्या चढाला ती पडली व्हती. चिखलात आख्ख्या अंगाचा ठसा, आन शेजारी पंजा, पाची बोटं. तिथनं पुढं पाच-सहा हात कुबड्यांची खूणच नाय, निस्ती हाताची आन गुडघ्याची. मग बांधाच्या डोक्यावर परत दोन भोकं. परत उभी ऱ्हायली व्हती.

कुशाबा बांधावर छत्री धरून उभा. म्हणला, "मी म्हणलं पोरी, थांब, धरतो. तर म्हणली, नको आजा, माझी मी जाईन. अर्धा तास लागला तिला ह्या एवढ्याशाला." मग म्हणला, "पण सावळेराम, तू तर म्हणला व्हतास पोरीसाठी पाइप काढतोय. मग ती इकडनं का गेली?"

मला मेल्याहून मेल्यागत झालं.

घरी आलो आन ताडपत्री वढली. इटा उडाल्या, एक माझ्या पायावर पडली, नख फुटलं. ताडपत्री फरफटत नेऊन ओढ्यात फेकली. लंकेनं एका पिशवीत कोरडा ड्रेस आन टावेल भरून माझ्या हातात दिला. मी मोटारसायकल काढली.

घोडेगावात पोचलो तर दुकान उघडलेलं. बाहेर छत्र्यांची गर्दी, सोमवार, कचेरीचा दिवस. मी काचेतनं बघितलं. आत कॉम्पुटरसमोर स्नेहल बसलेली. कमरेपातूर चिखल, वाळून पांढरा पडाय लागलेला. हात तेवढं लख्ख धुतलेलं. समोर एक म्हातारा प्रतिज्ञापत्र सांगतोय आन ती टाइप करतीया. पायाखाली कुणीतरी पोतं हातरलं व्हतं. मी आत गेलो तर तेजस्विनी मॅडम म्हणल्या, "काका, आठला दारात उभी होती. दुकान उघडायच्या आधी." त्यांच्या आवाजात राग व्हता का कौतुक, मला कळलं नाय. ज्याच्यासाठी ती चिखलातनं आली ते तिला मिळालं व्हतं, एवढं कळलं.

मी पिशवी टेबलावर ठेवली. "बाय, ड्रेस बदल. आन हे बघ, मी ताडपत्री काढली. फेकून दिली."

"काम चाललंय आप्पा."

"व्हय, पण मी काय म्हणतो..."

तिनं कीबोर्डवरनं हात काढलं. आवाज लहानच ठेवला, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "आप्पा, खाणवाल्याला सांगितलं पोरीसाठी. कुशाबा आजाला सांगितलं पोरीसाठी. बघायला येतो त्या प्रत्येकाला सांगताय, पोरीसाठी केलं. आता एक करा. माझं नाव घेऊ नका त्यात. तुमचं गवत हाये, तुमच्यासाठी केलंय म्हणून सांगा."

आन परत टाइप करायला लागली. "हां बाबा, पुढं सांगा. खातेदाराचं नाव?"

मी बाहेर आलो. दुकान उघडायला जाववंना. समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसलो. चहा आला, निवला. दुसरा आला, तोबी निवला. मला समद्यांचा राग येत व्हता. रस्त्याचा, पावसाचा, मंचरच्या त्या माणसाचा, आन जो गेल्या वर्सी हसला त्याचा. पण कुणाच्याबी नावानं शिवी द्यायला गेलो की ती माझ्याच अंगावर येत व्हती. मंगल कार्यालयवाला आला का नाय ते मला ठाऊक नाय. मी बाकड्यावरच बसून व्हतो. दुपारी स्नेहलनं ड्रेस बदलला, डबा खाल्ला. दोन-तीनदा तिनं मी बसलोय ते बघितलं. हाक मारली नाय.

सहाला सुटली. मी म्हणलं, "मोटारसायकलवर..." ती म्हणली, "जीपनं येते." मग मी जीपच्या मागं मागं मोटारसायकल चालवत आलो, पावसात, वरातीतल्या घोड्यामागनं चालावं तसा. जीप आमच्या दारात थांबायच्या आधी मी पुढं गेलो, गाडी रस्त्याकडंला लावली आन गवतावर उतरलो.

गवतावर लाल माती बसलेली, पण पाणी कुठं नाय. दिवसभर पाऊस झोडपत व्हता आन पाण्याचा थेंब थांबला नव्हता. पार पल्याड दारात लंका उभी.

जीप थांबली. आत दहा-बारा माणसं, समदी बघतायत. एक जण उतरायला लागला, म्हणला, "धरू का गं?" ती म्हणली, "नको." पयली एक कुबडी खाली आली, मग दुसरी, मग ती. रस्त्याच्या कडंला उभी ऱ्हायली. डाव्या हाताला कुशाबाच्या बांधाकडं जाणारी वाट, समोर गवत. तिनं दोन्हीकडं बघितलं.

मी दुनियेला अक्कल शिकवणारा माणूस. पण 'ये' म्हणायला माझं तोंड उघडंना. ये म्हणायचा हक्क मीच ताडपत्रीबरोबर ओढ्यात घालवून बसलो व्हतो. ती बांधाच्या वाटंला वळली असती तर मी तिला थांबवू शकलो नसतो.

तिनं गवताकडं तोंड केलं. कुबड्या उचलल्या आन थेट माझ्यासमोर येऊन थांबली. बुटाला सकाळचा चिखल अजून तसाच. मी बरोबर मधोमध उभा व्हतो, हात लांब करून, म्हंजे लागलं तर धरायला.

"सरका आप्पा," ती म्हणली. "माझ्या वाटंत उभं ऱ्हायलाय तुमी."

मी सरकलो.